जुन्या पिकअपचा जीर्णोद्धार

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत शहरी राहून गावाकडील शेती राखणारी जी कुटुंबे आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या वाड्यामागे लिंबाखाली एखादी जुनी पिकअप मोटार उभी असते. चाकांतील हवा गेलेली, काचेवर पाखरांची शीट, हौद्यात कडब्याच्या पेंढ्या आणि मोडका पाळणा, अशा स्थितीत ती वर्षानुवर्षे राहते. दिवाळीस सर्व भाऊ एकत्र जमले म्हणजे फराळानंतर तिच्यासंबंधी वाद निघतो. एक म्हणतो, भंगारवाल्यास द्यावी. दुसरा म्हणतो, वडिलांनी घेतलेली वस्तू आहे, विकू नये. तिसरा, बहुधा पुण्याहून आलेला, तिचे छायाचित्र घेऊन मोकळा होतो. वाद तसाच राहतो आणि गाडी आणखी एक वर्ष गंजते. या तिघांपैकी कोणाचाही पक्ष स्वीकारण्यापूर्वी गाडीखाली शिरून पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. गेल्या दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत आमच्या घरी अशा एका गाडीचे काम झाले. त्या अनुभवावरून जे सांगण्यासारखे वाटले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमची गाडी १९८९ सालची, महिंद्र कंपनीची, जीपच्याच चॅसिसवर मागे उघडा हौदा बसविलेली. या गाड्यांचा वंश थोडक्यात सांगितला असता पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल. जीप ही दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैन्याची गाडी. ती बांधणाऱ्यांत विलीज ही प्रमुख कंपनी होती. इकडे मुंबईस १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहंमद’ या नावाने एक पेढी निघाली होती. तिच्या भागीदारांपैकी गुलाम महंमद हे फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. याच पेढीने विलीजच्या जीपचे सुटे भाग आणवून त्या मुंबईत जोडण्यास आरंभ केला. पुढे डिझेलच्या यंत्राची गरज भासू लागली, तेव्हा १९८० नंतरच्या दशकात फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या परवान्याचे २११२ घन सेंटिमीटरांचे चार सिलिंडरांचे इंजिन या गाड्यांत येऊ लागले. म्हणजे सांगाडा अमेरिकन, यंत्र फ्रेंच, जोडणी महाराष्ट्रातील आणि पाटे ठोकणारा लातूरचा लोहार, असा हा संकर आहे. त्यात संगणक नाही, विद्युत्-मेंदू नाही. जे आहे ते डोळ्यांस दिसते आणि पान्याने खोलता येते. घरी दुरुस्ती करू इच्छिणाऱ्यास हीच तिची मोठी सोय.

वडिलांची वस्तू म्हणून गाडी राखावी असे म्हणणाऱ्या भावाचा पक्ष अगदीच टाकाऊ आहे असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, किल्लारी व सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. त्यानंतरच्या दिवसांत लातूर, औसा, उमरगा या बाजूंनी ज्या कोणाकडे जीप वा पिकअप होती त्याने ती बाहेर काढली. भाकरी, ताडपत्र्या, पाणी, औषधे घेऊन चिखलातून जाणारी ती लहान गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांस तिला ‘भंगार’ म्हणवत नाही. पुन्हा २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून रेल्वेने दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी लातुरास आले. त्या उन्हाळ्यात गावोगावच्या पिकअपांनी टाक्या वाहिल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे चौथीतील मुलास ठाऊक असते. परंतु दोन हजार लिटरची टाकी हौद्यात चढविताना पुष्कळ मोठ्या माणसांस त्याचा विसर पडला. एका टनाच्या आतबाहेर ओझ्यासाठी केलेल्या गाडीवर दोन टन पडले, पाटे मोडले आणि चॅसिसच्या आडव्या पट्ट्यांस चिरा गेल्या. जुनी पिकअप तपासताना अशी चीर दिसली तर तिचे कारण बहुधा पाणी हेच असते, आणि तेही गंजविणारे पाणी नव्हे, वाहिलेले.

आता मूळ प्रश्न. गाडीचे इंजिन बदलले, हौद्याचा पत्रा बदलला, चाके, आसने, काच सर्व बदलले, तर उरली ती तीच गाडी काय? हा प्रश्न नवा नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन हा मिलिंद राजास त्याच्या रथाविषयी हेच विचारतो: धुरा म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणतो. नागसेनास त्यातून जो सिद्धांत काढावयाचा होता तो पारमार्थिक होता. आमच्या परिवहन कार्यालयाने मात्र व्यवहारात या प्रश्नाचा निकाल लावून टाकला आहे. चॅसिसवर जो क्रमांक ठोकलेला असतो, तीच गाडी. इंजिन परवानगीने बदलता येते, पत्रा बदलता येतो. चॅसिस गेली की गाडी गेली. आम्हांस हा निकाल पटतो, कारण यंत्रशास्त्राचाही निकाल तोच आहे.

म्हणून पहिली परीक्षा चॅसिसची. अर्ध्या किलोची हातोडी घ्यावी, गाडीखालची वाळलेली काळी माती खरवडून काढावी, आणि दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागे वीत-वीत अंतरावर ठोकीत जावे. शाबूत लोखंड खणखणते. गंजाने पोखरलेले बद्द वाजते आणि पापुद्रे सोडते. ज्यांनी बाजारात माठ वाजवून घेतला आहे त्यांस ही परीक्षा शिकवावी लागत नाही. आमच्याकडील काळी माती ओल धरून ठेवते. ती पन्हळीसारख्या पट्टीत भरून बसली की वरून ऊन पडत असताही आत लोखंड महिनोन्महिने ओलेच राहते. विशेषतः जेथे पाट्यांचे टोक चॅसिसला अडकविलेले असते ते ब्रॅकेट, केबिन व हौदा यांमधील सांधा, आणि स्टीअरिंगची पेटी जेथे बसते ती जागा, ही तीन ठिकाणे डोळे फाडून पाहावीत. चॅसिसवरील क्रमांक स्पष्ट वाचता येतो की नाही, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

यावरून निर्णय करावा. हौद्याचा पत्रा चाळणीसारखा झाला असला तरी चिंता नाही. पत्रा हा कपडा आहे. एखाद्या आडव्या पट्टीस चीर असेल तर जाणत्या वेल्डरकडून वरून जाड पट्टी घालून घेता येते. परंतु पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी किंवा स्टीअरिंगपाशी चॅसिस सडली असेल, तर त्या गाडीवर एक रुपयाही खर्चू नये. मग वडिलांची आठवण कितीही गोड असो, तिला निरोप द्यावा. निरोपही रीतीने द्यावा. रस्त्यावरच्या भंगारवाल्यास तशीच देऊन टाकली तर तिची नोंद आपल्याच नावावर राहते. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार-केंद्रे निघाली आहेत. तेथे गाडी दिली असता दाखला मिळतो, तो परिवहन कार्यालयात देऊन नोंद रद्द करवून घ्यावी.

आमच्या गाडीची चॅसिस वाजली. केवळ हौद्याखालील एक आडवी पट्टी बदलावी लागली.

कागदपत्रांचे काम कोणासही प्रिय नसते; परंतु ते आधी न पाहिल्यास सहा महिन्यांची मेहनत अंगणातच उभी राहते. मालवाहू म्हणून नोंद असलेल्या गाडीस आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यतेचा दाखला, ज्यास सर्वजण ‘पासिंग’ म्हणतात, तो घ्यावा लागतो, आणि पंधरा वर्षांवरील गाड्यांसाठी त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांस नवी सुरक्षित क्रमांकपाटी लावून घ्यावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही. दुसऱ्या जातीचे इंजिन बसविण्यास पूर्वपरवानगी लागते आणि रंग बदलल्यास तो नोंदणीपुस्तकात चढवावा लागतो. आमच्या पुतण्याने ‘काका, हिला व्हिंटेज म्हणून नोंदवू’ अशी कल्पना काढली होती. त्या नोंदीसाठी गाडीने पन्नास वर्षे पुरी करावी लागतात, आणि तशी गाडी व्यापारी कामास वापरता येत नाही. ज्या गाडीतून हरभऱ्याची पोती अडतीवर न्यावयाची आहेत तिला हे भूषण काय करावयाचे?

एक आक्षेप घरातूनच आला, त्याचा येथेच परामर्श घेतो. वेदपाठ व शाळामास्तरकी चालत आलेल्या घरात पुरुषांनी ग्रीसने हात काळे करावेत, हे आमच्या वहिनींस प्रथम रुचले नाही. त्यांस आम्ही लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण दिले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणाऱ्या या गृहस्थांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढले, त्यातून लोखंडी नांगर निघाला आणि त्यातून किर्लोस्करवाडी. वहिनी म्हणाल्या, ‘किर्लोस्करांच्या घरी धोतरं कोण धूत होतं, ते लिहिलंय का कुठं?’ या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून गाडीच्या कामाची वस्त्रे निराळी ठेविली जातात आणि ती ज्याची त्याने धुवावयाची आहेत.

काम आरंभिताना पहिला विचार जागेचा. काळ्या मातीच्या अंगणात जॅक खचतो. त्याखाली जाड फळी घालावी, आणि गाडी उचलली की चॅसिसखाली लोखंडी घोड्या लावल्यावाचून कोणीही, क्षणभरही, खाली शिरू नये. जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नव्हे. मुलांच्या घरात हा नियम आम्ही भिंतीवर खडूने लिहून ठेविला. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडवावी. उतरविलेला प्रत्येक बोल्ट दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी; स्मरणशक्तीवर विश्वास ठेवू नये, मग ती अमरकोश पाठ असलेली का असेना.

नांदेडच्या ज्या मिस्त्रीस आम्ही अधूनमधून बोलावीत असू, तो पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘गुरुजी, चालू व्हायचं राहू द्या. आधी ही थांबते का ते बघा.’ सर्व लेखाचे सार या वाक्यात आहे असे म्हटले तरी चालेल. लोक जुनी गाडी हाती घेतात ती इंजिन सुरू करण्याच्या हौसेने. ते सुरू झाले की आनंदाच्या भरात एक फेरी मारून येतात, आणि अपघात त्या फेरीतच होतात.

आमची गाडी लिंबाखाली गेली ती ब्रेकमुळेच. पाच वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत ब्रेकचे तेल कमी दिसले म्हणून तेथील पोऱ्याने जवळच्या डब्यातील साधे यंत्राचे तेल ओतले. ब्रेकचे तेल हे नावाने तेल; वस्तुतः ते ग्लायकॉल जातीचे द्रव्य असते, आणि आतील रबरी वॉशर त्याच द्रव्यास योग्य असे बनविलेले असतात. खनिज तेल लागताच ते फुगतात. नांदेडहून लातुरास येताना लोहा मागे पडले आणि अहमदपूरच्या अलीकडे चारही ड्रम धरू लागले, जळका वास सुटला. गाडी कशीबशी आणली ती पुन्हा निघाली नाही.

शाळेत पास्कालचा सिद्धांत शिकविताना आम्ही दोन पिचकाऱ्या नळीने जोडून दाखवीत असू. ब्रेक म्हणजे तेच. पायाखाली मुख्य सिलिंडर, प्रत्येक चाकापाशी लहान सिलिंडर, मध्ये नळ्या. एका ठिकाणी दाब दिला की तो सर्वत्र सारखा पोचतो. मात्र द्रवात हवेचा बुडबुडा शिरला की सिद्धांत फसतो. हवा दाबली जाते, ब्रेक लागत नाही. म्हणून घरच्या कामाचा क्रम असा. ड्रम काढल्यावर आतील भुकटी फुंकू नये, हवेच्या नळीनेही उडवू नये. जुन्या लायनरांत ॲसबेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि ते फुप्फुसात गेलेले बाहेर येत नाही. पाण्याने भिजवून फडक्याने टिपावी व ते फडके फेकून द्यावे. मग चाकाचा सिलिंडर खोलावा. आतील भिंत आरशासारखी असली तर रबर बदलून भागते. बोटास खड्डे लागले तर सिलिंडरच नवा घ्यावा. धुण्यास रॉकेल किंवा डिझेल वापरू नये, तेही रबराचे वैरीच. आमच्या गाडीत खनिज तेल सर्वत्र फिरले असल्यामुळे रबरी नळ्यांसह प्रत्येक रबर बदलले आणि धातूच्या नळ्या ब्रेकच्या तेलानेच पुनःपुन्हा धुतल्या. नवे तेल डॉट-३ प्रतीचे, लहान बंद डब्यातील घ्यावे. ते हवेतील ओल शोषते. म्हणून अर्धा उरलेला डबा पुढील वर्षासाठी माळ्यावर ठेवण्याची काटकसर येथे करू नये.

यानंतर हवा काढणे. या कामास दोन माणसे लागतात, आणि येथे एकत्र कुटुंबाचा उपयोग होतो. एकाने केबिनमध्ये बसून पॅडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकापाशी निपल किंचित सैल करून हवा व तेल बाहेर येऊ द्यावे, निपल आवळावे, मगच पहिल्याने पाय उचलावा. आरंभ मुख्य सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे आपल्या गाड्यांत डाव्या मागच्या चाकापासून करावा. त्या दिवशी पुतण्या कामावर गेला होता. चाकापाशी धाकटी सूनबाई होती, जी अभियांत्रिकी शिकलेली आहे, आणि केबिनमध्ये बसावयास दुसरे कोणी नसल्यामुळे वहिनी बसल्या. ‘दाबा… धरून ठेवा… आता सोडा’ अशी सूनबाईची आज्ञा आणि सासूबाईंकडून तिचे तंतोतंत पालन, असा देखावा आमच्या वाड्याने प्रथमच पाहिला. चौथ्या चाकाच्या वेळी तर वहिनीच म्हणाल्या, ‘अगं, अजून बुडबुडा असेल, पाय मऊ लागतोय.’ आणि होता.

ज्या गाडीस व्हॅक्यूम बूस्टर आहे तिची परीक्षा सोपी. इंजिन बंद असता पॅडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पाय थोडा खाली गेला तर बूस्टर चालतो. न गेल्यास दोष बूस्टरात, त्याच्या नळीत किंवा पंपात असतो. डिझेल इंजिनाच्या श्वासात पेट्रोल इंजिनासारखी ओढ नसते, म्हणून त्यास निराळा पंप लागतो.

चाके उतरलेलीच असतात, तेव्हा टायरांच्या कडेवरील चार अंकी आकडा वाचावा. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढील दोन वर्षाचे; ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही ठसठशीत असो, आमच्याकडील मे महिन्याच्या उन्हात उभ्याउभ्या रबर मरते. बारीक भेगा पडलेला टायर नवा दिसतो म्हणून ठेवू नये.

पाट्यांचे काम लोहाराचे. मोडलेला पाटा भट्टीत घालून ठोकून घेण्याची रीत आहे खरी, पण अशा रीतीने पोलादाचे पाणी उतरते आणि तो पुन्हा बसतो. नवा पाटा घेणे शेवटी स्वस्त पडते. वायरिंगविषयी एवढेच सांगतो की उभ्या गाडीतील वायरी उंदीर कुरतडतात. उघड्या पडलेल्या वायरींवर नुसती चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे आगीस निमंत्रण. ते सबंध जुडगेच बदलावे आणि प्रत्येक शाखेस फ्यूज ठेवावा.

आता इंजिन. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीसपटीहून अधिक दाबली जाऊन इतकी तापते की तीत उडविलेले डिझेल आपोआप पेटते. प्यूजोच्या या इंजिनात डिझेल प्रथम एका लहान कोठडीत उडविले जाते, आणि थंडीत ती कोठडी तापविण्यास प्रत्येक सिलिंडराला एक हीटर प्लग असतो. ‘इंजिन मेले’ म्हणून सोडून दिलेल्या कित्येक गाड्यांचे केवळ हे प्लग जळालेले असतात. बरीच वर्षे उभी असलेली गाडी एकदम स्टार्टरने फिरवू नये. टाकीतील जुने डिझेल काढावे, कारण तळाशी पाणी व चिखल साठलेला असतो. दोन्ही फिल्टर बदलावेत, इंजिन-तेल बदलावे, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल सोडावे व इंजिन प्रथम हाताने फिरवून पाहावे. नंतर डिझेलच्या मार्गातील हवा काढावी. टाकीस भोक असेल तर तिला घरी वेल्डिंग करण्याचा विचारही मनात आणू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतील वाफेचाच स्फोट होतो.

डिझेल पंप व नोझल मात्र घरी खोलू नयेत. त्यातील भाग केसाहून सूक्ष्म अंतराने बसविलेले असतात आणि त्यांची जुळणी यंत्रावर मोजूनच करावी लागते. आपल्या हाताची मर्यादा कोठे आहे हे ओळखणे हाही या विद्येचाच भाग आहे. गाडी सुरू झाल्यावर धुराकडे पाहावे. काळा धूर म्हणजे डिझेल अधिक किंवा हवा कमी. पुष्कळदा धुळीने कोंडलेला हवा-फिल्टरच कारण असतो. निळसर धूर म्हणजे इंजिन-तेल जळते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी आत शिरते आहे. या ठिकाणी आमचे मत स्पष्ट सांगतो. १ एप्रिल २०२० पासून निघणाऱ्या बीएस-६ गाड्यांच्या मानाने ही जुनी गाडी हवा अधिक बिघडविते, यात संशय नाही. पंप, नोझल, रिंगा यांवर योग्य खर्च करूनही जी गाडी काळा धूर सोडते, तिला जुनेपणाच्या नावाखाली रस्त्यावर आणण्याचा अधिकार कोणासही नाही.

आमच्या मुलखातील इंजिने झिजून मरण्यापेक्षा तापून मरतात, असे आमचे निरीक्षण आहे. कारण बोअरचे पाणी. ज्या पाण्याने आमच्या पितळी बंबांत बोटभर खडू साचतो तेच पाणी लोक रेडिएटरमध्ये ओततात. खडूचा पातळ थरसुद्धा उष्णता अडवितो. बाहेर बेचाळीस अंश, आत तुंबलेला रेडिएटर, मग हेड गॅस्केट जाते आणि तेलात पाणी मिसळते. रेडिएटर उतरवून दुकानात उघडून साफ करवावा, थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा जो सल्ला सर्रास मिळतो तो मानू नये, आणि आत शुद्ध केलेले पाणी व कूलंट यांचे मिश्रणच भरावे. गरम असता झाकण उघडू नये, हे मोठ्यांस सांगण्याची गरज नसावी. परंतु आम्ही ते भिंतीवर दुसऱ्या क्रमांकावर लिहिले आहे.

रंग सर्वांत शेवटी. पुष्कळ लोक तेथूनच आरंभ करतात. गंजावर लांबी भरून वर झगझगीत रंग देतात, आणि पुढील पावसाळ्यात लांबीसकट सर्व गळून पडते. गंज धातू दिसेपर्यंत घासावा, रेड ऑक्साइड द्यावे, नंतर रंग. चॅसिसच्या आतील बाजूस, जेथे कोणाची दृष्टी जात नाही, तेथे जाड थर द्यावा. आमच्या गाडीचा रंग नोंदणीपुस्तकात लिहिल्याप्रमाणे पांढराच ठेविला. मुलांस फाळक्यावर काहीतरी लिहावयाचे होते. पुष्कळ वादविवादानंतर तेथे काही लिहावयाचे नाही, असे ठरले.

गाडी उभी राहिल्यावर ती राखणे हे निराळे व्रत आहे. त्यासाठी एक वही घातली आहे. तारीख, किलोमीटर, काय केले, काय आणले, किती लागले, असे पाच रकाने. पाट्यांचे व स्टीअरिंगचे सर्व निपल महिन्यास एकदा, आणि चिखलातून आल्यावर लगेच, ग्रीसगनने भरावयाचे. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत. इंजिन-तेल वर्षास एकदा किंवा पाच हजार किलोमीटरांस, जे आधी येईल तेव्हा. काढलेले तेल उकिरड्यावर किंवा आडाजवळ ओतावयाचे नाही. डब्यात साठवून तेल घेणाऱ्यास द्यावयाचे. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी. शेतातून आल्यावर गाडीखालची माती त्याच दिवशी धुवावयाची, वाळू द्यावयाची नाही. हे काम धाकट्यांकडे आहे आणि तेच सर्वांत अधिक चुकविले जाते. पंधरवड्यातून एकदा तरी गाडी फिरवून आणावयाची, नुसती जागेवर सुरू करून बंद करावयाची नाही, कारण तशाने बॅटरी खर्च होते व इंजिन नीट तापतही नाही.

वही सूनबाईंकडे असते. पाडव्यानंतर गाडी दोनदा लातूरच्या अडतीवर जाऊन आली. पोती किती भरली हेही वहिनींच्या आग्रहावरून सहाव्या रकान्यात लिहिले जाते. सोळाच्या वर एकही चढू दिले जात नाही. उजव्या मागच्या चाकाचे तेलाचे सील अद्याप किंचित पाझरते. नवे सील नांदेडास सांगून ठेविले आहे. ते येईपर्यंत दर रविवारी ड्रम काढून आत पाहावे, असे मिस्त्रीने सांगितले आहे आणि तसे चालू आहे.